तुम्ही विचारलंत म्हणून: कुबरनेटिसमध्ये युजरची फाईल कुठंय?

लातूरला दर शनिवारी मी कॉलेजच्या मुलामुलींना कुबरनेटिस, म्हणजे अनेक मशीनवर मिळून प्रोग्रॅम चालवणारी प्रणाली, शिकवते. चौथ्या-पाचव्या शनिवारी हा प्रश्न येतोच. मागच्या बॅचमधला औशाचा एक मुलगा म्हणाला, "ताई, तासभर झालं युजरची फाईल लिहायलोय, बनंनाच." पॉड, सर्व्हिस, डिप्लॉयमेंट हे कुबरनेटिसमधले भाग, सगळं यॅमल फाईल (काय हवं ते ठरावीक साच्यात मांडलेली मजकुराची फाईल) लिहून उभं राहतं, मग माणसाचं खातं का नाही?

कारण कुबरनेटिसकडे माणसांची नोंदवहीच नाही. काय बनवायचं ते सांगणाऱ्या 'काइंड'पुढे 'युजर' लिहून फाईल लावली, तर असा प्रकार मला माहीत नाही म्हणून क्लस्टर (कुबरनेटिस चालतं तो मशीनचा गट) ती परत करतं. फाईलमधून होतं ते 'सर्व्हिस अकाउंट', पण ते प्रोग्रॅमसाठी आहे. घाईत त्याचंच टोकन (ओळख पटवणारा कोड) चार जणांना वाटणारे खूप भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. उद्या कुणी काही डिलीट केलं, तर लॉगमध्ये चौघांचं मिळून एकच नाव दिसणार.

मग माणूस ओळखायचा कसा? स्कॉलरशिपच्या फॉर्मला तुम्ही उत्पन्नाचा दाखला जोडता. कॉलेज तुमच्या वडिलांना ओळखत नाही. ते सही-शिक्का बघतं. क्लस्टरही तसंच सर्टिफिकेटवरची आपल्या सीएची (सर्टिफिकेट ऑथॉरिटी, म्हणजे सर्टिफिकेटांवर सही करणारी यंत्रणा) सही बघतं. सर्टिफिकेटमधलं 'कॉमन नेम' म्हणजे युजरचं नाव, 'ऑर्गनायझेशन' म्हणजे त्याचा ग्रुप. आणि या दाखल्याचा अर्ज मात्र यॅमलमध्येच करता येतो. 'सर्टिफिकेट साइनिंग रिक्वेस्ट' नावाची फाईल लावायची, ॲडमिननं ती मंजूर करायची, सर्टिफिकेट हातात येतं.

पण नुसत्या दाखल्यानं दार उघडत नाही. काय करायची मुभा आहे ते 'रोल'मध्ये लिहायचं, ती कुणाला आहे ते 'रोल बाइंडिंग'मध्ये. ही आरबॅक (भूमिकेनुसार परवानगी देण्याची) पद्धत 2017 साली 1.8 आवृत्तीत पक्की झाली. तिच्यात मनाईचा नियमच नाही, सगळ्या परवानग्यांची फक्त बेरीज होते. म्हणून सुरुवात कमीत कमी परवानगीपासून करा.

इथंच आम्ही एकदा पाऊण तास अडकलो होतो. दीपक नावाच्या मुलाचं सर्टिफिकेट बरोबर, रोल बरोबर, बाइंडिंग लागलेलं, तरी पॉडची यादी मागितली की 'फॉरबिडन'. शेवटी त्या एररची ओळ मी अक्षर-अक्षर वाचली. सर्टिफिकेटमध्ये स्पेलिंग 'डी-आय', बाइंडिंगमध्ये 'डी-डबल ई'. आपल्या कानाला दोन्ही दीपकच! बाइंडिंगमधल्या नावाचा माणूस खरंच आहे का, हे क्लस्टर तपासत नाही, कारण तपासायला वहीच नाही. तेव्हापासून मी आधी 'क्यूबसीटीएल ऑथ हू-ॲम-आय' ही कमांड चालवायला लावते. क्लस्टर तुम्हाला कोणत्या नावानं ओळखतं, ते तिथं दिसतं. तेच नाव उचलून बाइंडिंगमध्ये टाका.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. दिलेली परवानगी परत घेता आली पाहिजे. माझ्या आधीच्या नोकरीत एका सहकाऱ्याला 'सिस्टिम मास्टर्स' ग्रुपचं वर्षभराचं सर्टिफिकेट दिलं होतं. त्यानं नोकरी सोडली आणि आमच्या लक्षात आलं, की या ग्रुपला आरबॅकचे नियम लागूच होत नाहीत, बाइंडिंग काढून उपयोग नाही. एखादं सर्टिफिकेट रद्द करायची सोयही कुबरनेटिसमध्ये नाही. शेवटी सीएच बदलावा लागला, म्हणजे सगळ्यांची सर्टिफिकेटं नव्यानं काढावी लागली. तो माणूस भला होता, त्यानं काही केलं नाही. पण ते काम होईपर्यंत मला धड झोप लागली नव्हती.

म्हणून मुदत लहान ठेवा. 1.22 आवृत्तीपासून अर्जातच 'एक्स्पायरेशन सेकंड्स' लिहिता येतात, कमीत कमी 600. टीम मोठी असेल तर सर्टिफिकेटांच्या मागं न लागता ओआयडीसीनं (बाहेरच्या लॉगिन सेवेकडून ओळख पटवायची पद्धत) लॉगिन जोडा. माणसं तिकडं सांभाळा, क्लस्टरमध्ये फक्त ग्रुपची बाइंडिंगं ठेवा. आणि या सगळ्या फाईली गिटमध्ये (फाईलीतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) राहू द्या, म्हणजे कुणाला कधी, कुणी परवानगी दिली ते सापडतं.

औशाच्या त्या मुलानं अर्जात आधी एका वर्षाचे सेकंद लिहिले होते. मी काही बोलले नाही, फक्त नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याची ही गोष्ट सांगितली. त्यानं तो आकडा खोडून 28800 लिहिला. आठ तास. सकाळी दहाला मंजूर केलेलं त्याचं सर्टिफिकेट संध्याकाळी सहाला, आम्ही वर्गाला कुलूप लावत होतो तेव्हा, संपलं.