पोस्टरामागचे मूळ चित्र

समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीसाठी प्रवाशांना बोलावणारी इंग्लंडमधील जुनी रेल्वे पोस्टरे आज हवी तितकी छापून मिळतात. परंतु त्यांच्यासाठी चित्रकाराने हाताने रंगवलेले मूळ चित्र ही स्वतंत्र कलाकृती आहे, असे मी मानतो.

ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने १९०८ साली स्केगनेस गावाच्या जाहिरातीसाठी चित्रकार जॉन हॅसल यांचे चित्र १२ गिनींना (गिनी हे जुने ब्रिटिश चलन) घेतले. त्यात वाळूवर बागडणारा गुबगुबीत मच्छीमार पुढे त्या गावाची ओळखच बनला. मला मात्र अधिक भावतात ते पोस्टर-चित्रकार टॉम पर्व्हिस. १९३१ साली त्यांनी लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेसाठी केलेली सहा पोस्टरे शेजारी शेजारी लावली की एकच सलग किनारा तयार होतो आणि प्रत्येक पोस्टर सुटेही पूर्ण वाटते. त्यांत बाह्यरेषा जवळजवळ नाहीत. ऊन, वाळू आणि माणसे केवळ सपाट रंगांच्या तुकड्यांतून उभी राहतात.

या साधेपणामागे छपाईचे गणित होते. लिथो म्हणजे शिळाछापाच्या छापखान्यातील कारागीर मूळ चित्र समोर ठेवून प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड किंवा जस्ताचा पत्रा तयार करीत असे, त्यामुळे मोजक्या रंगांत विचार करणे चित्रकाराला भागच पडे. आपल्या देवघरांतील रविवर्मा छापखान्याची जुनी चित्रेही शिळाछापाचीच. छापील प्रतीत मात्र कुंचल्याची कड आणि पांढऱ्या रंगाने केलेली दुरुस्ती हरवते. पोस्टर कलर एकही पट्टा न उमटू देता भरणे किती अवघड असते, हे आमच्या बेळगावात चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्यांना ठाऊक आहे.

छपाई झाली की मूळ चित्राचे काम संपले, अशीच तेव्हाची समजूत असल्याने अशी कितीतरी चित्रे नाहीशी झाली. बेळगाव, खानापूर, निपाणी येथे दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाचे फलक रंगवणाऱ्या पेंटरांची कच्ची रेखाटनेही त्याच वाटेने जात आहेत, कारण फ्लेक्स आल्यापासून त्यांची गरज कोणाला उरलेली नाही. ज्यांच्या घरी असे कागद असतील, त्यांनी ते रद्दीत देऊ नयेत आणि लॅमिनेटही करू नयेत. पोस्टर कलर पाण्याने विरघळतो आणि आपल्याकडचा पावसाळा दमट असतो. म्हणून काच चित्राला टेकणार नाही अशी चौकट करावी आणि ती ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नये.