एक मिक्सर, पाच वाटा

इंदूरच्या आमच्या कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओत मिक्सरमधून निघालेला कार्यक्रम पाच ठिकाणी जातो: ट्रान्समीटर, रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर, इंटरनेट स्ट्रीम, सरांची केबिन आणि व्हरांड्यातला स्पीकर. (प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवायचं, ही परवानगीचीच अट आहे.) काम माझ्याकडे आलं तेव्हा हे सगळं वाय-केबलला (एका वायरची दोन टोकं करणारी केबल) वाय-केबल जोडून चाललं होतं.

वायरला फाटे फोडले की आवाजही वाटला जातो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. मिक्सरच्या आउटपुटचा इम्पिडन्स (सिग्नलच्या करंटला होणारा अडथळा) शंभर-दीडशे ओहम, पुढच्या यंत्राचा दहा हजार किंवा जास्त. चार-पाच यंत्रं लावली तरी लेव्हलमधला फरक कानाला कळत नाही. आमचा घोळ वेगळाच होता. व्हरांड्यातला स्पीकर लावला, की थेट प्रसारणाचाच आवाज पडायचा.

मालवा हाउसमधून, म्हणजे आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक काका रामबागेत राहतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "स्पीकरला जॅक मोनो लावलाय का रे?"

मोनोच होता. आमच्या वायरिंगसारख्या बॅलन्स्ड लाइनमध्ये सिग्नलच्या दोन तारा आणि वर शील्ड, म्हणजे अर्थला जोडलेलं आवरण असतं. मोनो जॅक त्यातली एक तार शील्डला टेकवतो. सगळं एकाच धाग्यात, त्यामुळे ट्रान्समीटरकडे जाणारी ती तारही अर्थला टेकली, अर्धा सिग्नल गेला. सहा डेसिबल! उद्या तिथेच शॉर्ट झालं असतं तर स्टेशनच मुकं.

काकांनी डिस्ट्रिब्युशन अ‍ॅम्प्लिफायर बसवायला सांगितलं. त्यात इनपुट एक आणि प्रत्येक आउटपुटला स्वतःचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर. एका वाटेवर काहीही बिघडो, शेजारच्याला पत्ता लागत नाही. बसवल्यावर मी एक आउटपुट मुद्दाम शॉर्ट करून पाहिलं. ट्रान्समीटरचा मीटर हललासुद्धा नाही.

मग एक किलोहर्ट्झचा टोन सोडून लेव्हल लावल्या. मिक्सरची +४ डीबीयू (ऑडिओ लेव्हल मोजायचं एकक), म्हणजे १.२३ व्होल्ट. कॉम्प्युटरच्या साध्या लाइन-इनला सुमारे ०.३२ व्होल्ट पुरतात, म्हणून ते आउटपुट बारा डेसिबलने खाली घेतलं.

सगळ्यात जास्त पिडलं केबिनने. ती दुसऱ्या इमारतीत, तिथलं अर्थिंग वेगळं, म्हणून स्पीकरमधून सतत ५० हर्ट्झची घूं. एका भियाने (इंदुरी भाऊ) प्लगची अर्थ पिनच काढून टाकायचा सल्ला दिला. काका भडकले, "घूं जाईल, आणि एखाद्या दिवशी सरही जातील!" महाराणी रोडवरून एकास-एकचा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणला, केबिनच्या वाटेवर बसवला, घूं बंद.

आता सगळं त्या डिस्ट्रिब्युशन अ‍ॅम्प्लिफायरच्या एका डब्यावर अवलंबून. म्हणून तो यूपीएसवर घेतलाय आणि मिक्सरमधून सरळ ट्रान्समीटरकडे जाणारी एक एक्सएलआर (तीन पिनांची ऑडिओ) केबल रॅकला बांधून ठेवलीय. डबा बंद पडलाच तर ड्युटीवरच्या पोराने तेवढी जोडायची. केबिन आणि व्हरांडा थांबतील.