पावसाळ्यानंतरची ट्राइक : पंखापासून सुरुवात

पावसाळ्याचे चार महिने हँगरमध्ये उभी असलेली माझी दोन आसनांची ट्राइक (कापडी पंखाखाली टांगलेले, इंजिनवर उडणारे हलके विमान) गेल्या दोन रविवारी उड्डाणासाठी तयार केली, त्याची ही नोंद. तपासणी मी पंखापासूनच सुरू करतो. इंजिन बंद पडले तरी पंखाच्या आधाराने उतरता येते, पंखाने दगा दिला तर मात्र वैमानिकाच्या हाती काहीच उरत नाही.

कापसाचा बोळा पंखाच्या प्रत्येक तारेवरून सावकाश फिरवला, कारण तुटलेला एखादा बारीक पदरही कापसाचे तंतू धरून ठेवतो. डाव्या साइड वायरच्या (पंखाला बाजूने धरून ठेवणाऱ्या तारेच्या) खालच्या टोकाशी, जिथे ती दाबून बसवलेल्या नळीत शिरते तिथेच, बोळा अडकला. आत गंजही दिसला. उजवी तार वरवर निर्दोष होती, तरीही तिने तोच पावसाळा सोसलेला असल्यामुळे दोन्ही बदलल्या. बॅटन (पंखाच्या कापडाला बाक देणाऱ्या दांड्या) एकेक काढून कागदी नमुन्यावर ठेवून पाहिले, कारण दोन्ही बाजूंच्या बाकात फरक राहिला तर ट्राइक हवेत एका अंगाला ओढत राहते. ट्राइक ज्यावर पंखाला टांगलेली असते त्या हँग बोल्टवर ओरखडा नव्हता, पण त्याचा नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कडीमुळे सैल न होणारा) नवाच घातला.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट इंधनाच्या टाकीवर सापडली. हवा आत येण्याच्या नळीत कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते. अशी नळी बंद असताना इंजिन जमिनीवर काही वेळ व्यवस्थित चालते, मग टाकीत पोकळी निर्माण होऊन इंधन येणे थांबते, आणि तोवर आपण झाडांच्या वर पोहोचलेले असतो. आपल्याकडे पावसाळ्यानंतर प्रत्येक उघडे छिद्र तारेने तपासावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

इंजिन रोटॅक्स ९१२ आहे. जुने पेट्रोल काढून टाकले. या इंजिनाला १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य असल्याने २० टक्क्यांचे पंपावरचे पेट्रोल न घेता एव्हीगॅस (विमानांसाठीचे पेट्रोल) भरले. त्यातील शिशामुळे ऑइल आता ५० ऐवजी २५ तासांनी बदलावे लागेल. इग्निशन बंद ठेवून प्रोपेलर त्याच्या नेहमीच्याच दिशेने, ऑइलच्या टाकीतून गुडगुड आवाज येईपर्यंत, म्हणजे इंजिनातले ऑइल टाकीत परतेपर्यंत, हाताने फिरवला आणि मगच ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक पाहिली. मिनिटाला ४००० फेऱ्यांवर दोन्ही इग्निशन आळीपाळीने बंद केल्यावरची फेऱ्यांतली घट मर्यादेत होती.

पूर्ण थ्रॉटलची जमिनीवरची चाचणी पुढच्या रविवारी, ट्राइक दोरांनी बांधून घेईन. नव्या तारांवरचे पहिले उड्डाण त्यानंतर पहाटेच्या शांत हवेत, मागचे आसन रिकामे ठेवून.