केळीचा कागद चालतो, मग माणसाचा का नाही?

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात बाहेरच्या देशाशी संबंध म्हणजे दोनच गोष्टी, एक केळी आणि दुसरी पोरं. केळी दुबई, ओमान, इराक, इराणकडे जाते, पोरं दुबई, मस्कत, हल्ली जर्मनी-आयर्लंडपर्यंत जातात. माझं इकडे ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे, सातबारा, पीकविमा, पॅनकार्ड, पासपोर्टचा अर्ज, जे असेल ते. त्यामुळे 2021 मध्ये कोविनच्या, म्हणजे सरकारच्या कोविड लसीच्या पोर्टलच्या, सर्टिफिकेटचा जो काय गोंधळ झाला तो मी एकदम काउंटरवरून बघितलाय. आता सगळे विसरले, पण मला तो विषय डोक्यातून जात नाही कारण त्यात लसीपेक्षा वेगळंच काहीतरी होतं.

तेव्हा लोक प्रिंट काढून घ्यायचे, वरून लॅमिनेशन करायला लावायचे, काही तर आधार कार्डाच्या साईजचं स्मार्ट कार्ड करून मागायचे. गावात त्याचा उपयोग एसटीला, लग्नाच्या हॉलला, सरकारी ऑफिसात. पण ज्याला फॉरेनला जायचं त्याची कहाणी वेगळी. पहिलं लफडं नावाचं. आपल्याकडे आधारवर कधी आडनाव आधी, कधी वडिलांचं नाव गायब, कधी 'भाऊ' नावालाच चिकटलेलं, आणि पासपोर्टवर नाव-वडील-आडनाव एकदम नीट. लसीकरण केंद्रावर ताईंनी घाईत जे टाइप केलं तेच सर्टिफिकेटवर. जून 2021 मध्ये कोविनवर पासपोर्ट नंबर जोडायची सोय आली, आणि माझ्या दुकानात जी गर्दी झाली ती पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला होते तशी. त्याच महिन्यात सरकारने अजून एक चांगलं केलं, कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर तेव्हा 12 ते 16 आठवडे होतं, ते शिक्षणाला, नोकरीला आणि टोकियो ऑलिम्पिकला जाणाऱ्यांसाठी 28 दिवसांनंतर केलं. म्हणजे आपल्याकडून जे होण्यासारखं होतं ते बरंचसं झालं. अडलं ते पलीकडे.

1 जुलै 2021 पासून युरोपियन युनियनचं डिजिटल कोविड सर्टिफिकेट चालू झालं. त्यांच्या औषध संस्थेने, म्हणजे ईएमएने, मंजूर केलेल्या लसी तेव्हा चार होत्या, फायझर, मॉडर्ना, जॅन्सेन आणि अॅस्ट्राझेनेका. आता कोविशील्ड म्हणजे अॅस्ट्राझेनेकाचीच लस, फक्त पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली. पण त्यांच्या यादीत नाव 'व्हॅक्सझेव्हरिया', कोविशील्ड नाही. कारण विचाराल तर एकदम ऑफिसछाप, तिकडे मंजुरी नुसत्या फॉर्म्युल्याला मिळत नाही, कुठल्या कारखान्यात बनली त्यालाही लागते, आणि पुण्याच्या कारखान्यासाठी तसा अर्जच झालेला नव्हता. डब्ल्यूएचओने मात्र कोविशील्डला फेब्रुवारीतच मान्यता दिलेली. म्हणजे जगाची आरोग्य संघटना हो म्हणते आणि युरोपचा काउंटर म्हणतो यादीत नाव दिसत नाही.

यातली खरी गंमत तर ब्रिटिश लोकांची झाली. ब्रिटनने सीरमकडून 50 लाखांपर्यंत डोस घेतले होते आणि ते स्वतःच्याच लोकांना टोचले होते. त्यांच्या बॅच नंबरची सुरुवात 4120झेड अशी. तर जुलैमध्ये एक वयस्कर ब्रिटिश जोडपं माल्टाला सुट्टीला निघालं आणि एअरपोर्टवर अडकलं, का तर बॅच नंबर पुण्याचा निघाला! गोरी कातडी, ब्रिटनचा पासपोर्ट, ब्रिटनच्या सरकारी दवाखान्याने टोचलेली लस, तरी नाही. नंतर माल्टाने नियम बदलला. पण मला त्या दिवशी बातमी वाचून कळलं की हे सगळं आपण समजतो तसं फक्त गोऱ्या-काळ्याचं नाही, यंत्रणा स्वतःच्या यादीच्या बाहेर बघतच नाही, मग समोर कोणी का असेना. (थोडं गोऱ्या-काळ्याचं आहेच.)

भारताने तेव्हा युरोपातल्या देशांना स्पष्ट कळवलं की तुम्ही आमचं सर्टिफिकेट माना, आम्ही तुमचं मानू, नाहीतर तुमच्या माणसांना इकडे क्वारंटाइन. काही दिवसांत जर्मनी, स्पेन, ग्रीस, आयर्लंड, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड अशा बऱ्याच देशांनी कोविशील्ड चालेल म्हणून सांगितलं. एका रात्रीत लस काही सुधारली नव्हती.

मग सप्टेंबरमध्ये ब्रिटन. त्यांनी 4 ऑक्टोबरपासूनचे नवीन नियम काढले, त्यात कोविशील्ड नव्हती. आपल्या परराष्ट्र मंत्र्यांनी विषय काढला, आरडाओरडा झाला, मग 22 सप्टेंबरला त्यांनी यादीत कोविशील्ड टाकली. झालं ना मग? नाही. आता म्हणे लस ठीक आहे पण तुमच्या सर्टिफिकेटचं काय. त्यांच्या किमान अटीत पूर्ण जन्मतारीख पाहिजे होती आणि कोविनच्या कागदावर नुसतं वय असायचं. इथे मी ब्रिटनची थोडी बाजू घेतो, कारण नुसत्या वयावरून माणूस ओळखायचा म्हटलं तर आमच्या तालुक्यात एकाच नावाचे, एकाच वयाचे आणि एकाच आडनावाचे पाटील-चौधरी-महाजन ढीगभर सापडतील. त्याच सुमारास कोविनने परदेशी जाणाऱ्यांसाठी पूर्ण जन्मतारीख टाकायची सोय केली, तो बदल चांगलाच झाला. पण तेवढ्यासाठी दोन डोस घेतलेल्या माणसाला 'लस न घेतलेला' धरून 10 दिवस कोंडायचं हे काही पटत नाही.

भारताने 4 ऑक्टोबरपासूनच उलटं लावलं, ब्रिटिश नागरिक इकडे आला की लस असो नसो, निघायच्या आधी 72 तासांतली आरटीपीसीआर, उतरल्यावर एक, आठव्या दिवशी एक, आणि 10 दिवस क्वारंटाइन. 7 ऑक्टोबरला ब्रिटनने जाहीर केलं की 11 तारखेपासून कोविशील्डवाले भारतीय बिना क्वारंटाइन येऊ शकतात. तीन दिवस लागले हो फक्त! टेक्निकल चर्चा चालू आहे, टेक्निकल चर्चा चालू आहे असं जे ऐकत होतो ते टेक्निकल तीन दिवसांत सुटलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, व्हॉट्सॅपवर स्टेटस पण ठेवलं. पण नंतर विचार आला की आपण भारत आहोत म्हणून हे जमलं. मलावी नाहीतर नेपाळने ब्रिटिशांना क्वारंटाइन लावला असता तर लंडनमध्ये कोणाला फरक पडला असता?

याच काळात आमच्याकडचे एक काका, केळीवाले, निर्यातीचं पॅकहाऊस आहे त्यांचं, पुतण्याचे कागद घेऊन आले होते, त्यांनी एक प्रश्न विचारला जो मला अजून कोणत्याच एक्स्पर्टने विचारलेला दिसला नाही. म्हणे, "मले एक सांग, माह्या केळीच्या कंटेनरचं सर्टिफिकेट तिकडं चालते, कोणी काही इचारत नाही, मंग पोराचं काहून नाही चालत?"

आणि खरंच. केळीचा कंटेनर न्हावाशेव्यावरून निघतो तेव्हा त्याच्यासोबत फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट असतं. आपला अधिकारी माल तपासतो, त्यात कीड-रोग नाही असं लिहून देतो, शिक्का मारतो, आणि पलीकडच्या बंदरावरचा माणूस तो कागद मानतो. काबरं मानतो? आपल्या अधिकाऱ्यावर त्याचं काही वैयक्तिक प्रेम नाही. 1951 चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे झाडांच्या रोगांबद्दलचा, त्यात कागदाचा नमुनाच ठरलेला आहे, कोणी द्यायचा, त्यावर काय लिहायचं, शंका आली तर काय करायचं. आता तर तो कागद ऑनलाइनही जातो, एका देशाच्या सिस्टीममधून दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये. आमच्याकडे केळीवर सीएमव्ही नावाचा विषाणूचा रोग येतो, करपा येतो, तरी निर्यात बंद पडत नाही, कारण विश्वास कसा ठेवायचा हे रोग यायच्या आधी बसून ठरवलेलं आहे.

माणसांसाठी असं काही नाहीच असं पण नाही. यलो फीव्हरच्या लसीच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक बघा. आमच्या जळगाव भागातले पाईप, ठिबकच्या लाइनमधले बरेच लोक आफ्रिकेत जातात, त्यांना हे माहीत आहे. ती लस ठरलेल्या केंद्रावरच मिळते, ठरलेला छापील नमुना, त्यात पासपोर्ट नंबर, सही, केंद्राचा शिक्का, 10 दिवसांनी लागू. आधी 10 वर्षं चालायचं, जुलै 2016 पासून आयुष्यभर चालतं. नैरोबीपासून मुंबईपर्यंत कोणी त्यावर वाद घालत नाही. उलट तिकडून येणाऱ्या माणसाकडे हे पुस्तक नसेल तर आपलेच अधिकारी त्याला सहा दिवस बाजूला ठेवतात, मग तो कितीही मोठा असो. हजला जाणाऱ्यांचं मेंदूज्वराच्या इंजेक्शनचं तसंच, कार्ड दाखवलं की झालं. जुन्या लोकांना देवीच्या लसीचा दाखला आठवत असेल, तो पण असाच जगभर चालायचा, देवी गेली आणि दाखलाही गेला.

कोविडमध्ये मात्र प्रत्येकाने आपापला क्यूआर काढला. युरोपचा वेगळा, आपला वेगळा, आणि एकाचं अॅप दुसऱ्याचा कोड वाचेना. आपला कोविनचा कोड वाईट नव्हता, त्यात डिजिटल सही होती, स्कॅन केलं की खरा-खोटा कळायचा, ज्या सॉफ्टवेअरवर तो बनला ते श्रीलंका आणि फिलिपाइन्सनेही वापरलं. पण सही खरी आहे हे तपासायला पलीकडच्याकडे आपली चावी, म्हणजे सही ओळखायचा डिजिटल कोड, पाहिजे, आणि त्याच्या आधी ती चावी ठेवून घ्यायची त्याची तयारी पाहिजे. तिथेच गाडी अडायची.

सगळ्यात जास्त हाल झाले कोव्हॅक्सिनवाल्यांचे, म्हणजे भारत बायोटेकची लस घेतलेल्यांचे. आमच्याकडे जिथे जी लस आली ती घेतली, चॉइस कोणाला होता? एक मुलगी अमेरिकेत मास्टर्सला निघालेली, दोन्ही डोस कोव्हॅक्सिनचे, आणि तिकडची युनिव्हर्सिटी म्हणते डब्ल्यूएचओच्या यादीतली लस पाहिजे, आल्यावर परत घ्या. तिची आई माझ्याकडे येऊन विचारायची की दोनावर अजून दोन घेतले तर पोरीला काही होणार नाही ना, आता मी फॉर्म भरणारा माणूस काय सांगणार. केरळमध्ये सौदीत काम करणारा एकजण तर हायकोर्टात गेला, की माझी नोकरी जाईल, मला कोविशील्डचा तिसरा डोस द्या. शेवटी 3 नोव्हेंबर 2021 ला डब्ल्यूएचओने कोव्हॅक्सिनला मान्यता दिली, 8 तारखेला अमेरिकेने लस घेतलेल्यांना दार उघडलं, 22 ला ब्रिटननेही मानली. ऑस्ट्रेलियाने तर डब्ल्यूएचओच्या दोन दिवस आधीच मानली होती.

तेव्हा आपले आरोग्य मंत्री म्हणाले 96 देशांनी आपल्यासोबत लस-सर्टिफिकेट एकमेकांचं मानायचं कबूल केलंय. छान. पण हे 96 वेळा वेगवेगळं बोलून झालेलं काम. आणि आपण पण नंतर तेच केलं बरं का, फेब्रुवारी 2022 मध्ये आपण 82 देशांची यादी काढली, त्या यादीतला माणूस असेल तर लसीचं सर्टिफिकेट अपलोड करा आणि या, नसेल तर आरटीपीसीआर काढा. यादीबाहेर राहण्याचा राग आपल्याला किती आला होता, आणि मग यादी करायला आपणच बसलो. परत या सगळ्या काळात डब्ल्यूएचओ सांगत होती की प्रवासाला लसीची अट घालूच नका, कारण अर्ध्या जगात लस पोचलेलीच नाही. ते कोणीच ऐकलं नाही. कोविडचा नवा प्रकार ओमिक्रॉन आला तेव्हा तर दोन डोसवाल्यांनाही होत होता आणि दक्षिण आफ्रिकेने प्रामाणिकपणे कळवलं म्हणून त्यांचीच विमानं बंद केली.

आता थोडं बरं चाललंय असं म्हणायला जागा आहे. 2023 मध्ये युरोपची सिस्टीम डब्ल्यूएचओने पुढे चालवायला घेतली, तिथे देशांनी आपापल्या चाव्या ठेवायच्या. 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम बदलले, ते सप्टेंबर 2025 पासून लागू झाले, त्यात आरोग्याचे दाखले कागदावर किंवा डिजिटल दोन्ही चालतील असं आहे. अमेरिकेने ते बदल नाकारले. म्हणजे पुढच्या साथीला जगातला सगळ्यात मोठा काउंटर परत स्वतःची यादी घेऊन बसणार. भारताने इथे जोर लावायला पाहिजे असं मला वाटतं, आणि फक्त आपल्या लसीसाठी नाही, ज्याच्याकडे उलटा क्वारंटाइन लावायची ताकद नाही त्याच्यासाठी पण, कारण ते जमलं तर पुढच्या वेळी 96 वेळा बोलावं लागणार नाही.

बाकी आफ्रिकेला जाणाऱ्यांनी यलो फीव्हरची लस शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, 10 दिवसांचा नियम एअरपोर्टवर कोणी सोडत नाही. ओरिजिनल पासपोर्ट सोबत न्या, अपॉइंटमेंट आधी घ्या, आणि पिवळं पुस्तक मिळालं की काउंटरवरच नाव आणि पासपोर्ट नंबर अक्षर-अक्षर तपासा. लॅमिनेशन करू नका, कितीही वाटलं तरी, माझ्याकडे आणलं तरी मी करून देणार नाही.