केनियातल्या माकुएनी जिल्ह्यातली आमची मिशन फेरी, पुढच्या ग्रुपसाठी सगळं लिहून ठेवतेय

आमच्या चर्चच्या मंडळीतून अजून एक ग्रुप केनियाला जायचं चाललंय, शिवाय ठाण्या-पुण्याच्या मंडळ्यांमधूनही सारखं विचारतायत की कसे गेलात, काय बघितलं, कुणाला मदत करायचं ठरलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आम्ही मुंबईतले सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, मराठी लोक. सोबत पाळकसाहेब, महापालिकेच्या पाणी खात्यातून रिटायर झालेले एक काका, एक नर्स ताई, तरुण संघातली मुलं आणि महिला मंडळातर्फे मी. काम एकच, पुढची काही वर्षं आपण ज्यांच्या पाठीशी राहू शकू अशा एक-दोन वस्त्या शोधायच्या. सुवार्ता सांगायला म्हणून कुणी गेलं नव्हतं, तिथं ती कधीच पोचलेली आहे, रविवारी चर्चमध्ये बसायला जागा मिळत नाही.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. गरज कुठे आहे ते शोधत फिरू नका, गरज सगळीकडेच आहे आणि पहिल्या दिवशीच तुमचं मन भरून येईल आणि तुम्ही काहीतरी कबूल करून बसाल. लोक आपणहून एकत्र येऊन काय करतायत ते बघा, त्यांची वही बघायला मागा, आणि त्यांचं कुठे अडलंय ते त्यांच्याच तोंडून ऐका. आणि तिथे असेपर्यंत कुणालाही कसलाही शब्द देऊ नका, अगदी शाळेच्या एका फळ्याचाही नाही. पाळकसाहेबांनी हा नियम निघायच्या आधीच घालून दिला होता, त्यामुळे खूप सोपं गेलं.

आता कागदपत्रं. जानेवारी २०२४ पासून केनियाला व्हिसा लागत नाही, पण त्याऐवजी ईटीए नावाची परवानगी ऑनलाइन काढावी लागते, साधारण ३० डॉलर फी आहे. त्यात कारण खरं तेच लिहा. तिथे राहून मिशनचं काम करायचं असेल तर त्याचं परमिट वेगळं असतं, आपण फक्त भेटी द्यायला जातोय. दुसरं म्हणजे यलो फीव्हरची लस. ही गल्लीतल्या डॉक्टरकडे मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, सर्टिफिकेट लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. हे टाळू नका, कारण केनियाहून परत येताना मुंबई एअरपोर्टवर ते पिवळं कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, आमच्या नर्स ताईंनी सगळ्यांच्या गोळ्यांची वेळ रोज रात्री जेवणानंतर ठरवून दिली होती म्हणून कुणाची चुकली नाही. आणि बॅगा भरताना एक लक्षात ठेवा, २०१७ पासून तिथे प्लास्टिक पिशव्यांवर कडक बंदी आहे, चपला-डबे गुंडाळायला आपण सवयीने पिशव्या वापरतो त्या घरीच ठेवा, कापडी घ्या. प्लग तीन चौकोनी पिनांचा, इंग्लंडसारखा.

मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास. उतरल्यावर पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि त्यावर एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे द्यायची सोय, चालू करा. आपलं यूपीआय यायच्या कितीतरी आधी, २००७ मध्ये, ते तिथे सुरू झालंय आणि पार खेड्यातल्या भाजीवालीपर्यंत सगळे त्यावरच पैसे घेतात.

पुढे आम्ही मोम्बासाच्या रेल्वेने गेलो. स्टेशन नैरोबीच्या बाहेर स्योकिमाऊला आहे, तिथे आत जाण्याआधी सगळ्यांच्या बॅगा जमिनीवर ओळीत लावायला सांगतात आणि कुत्रा हुंगत जातो, त्यामुळे दादरला पकडतो तशी धावत गाडी पकडता येणार नाही, लवकर पोचा. माकुएनीसाठी सकाळची, मधल्या स्टेशनांवर थांबणारीच गाडी घ्यायची. एक्स्प्रेस घेतलीत तर थेट मोम्बासा. आम्ही एमालीला उतरलो, पुढे गाडीने वोटे गावाच्या बाजूला.

हा सगळा अकांबा लोकांचा भाग, कोरडा, लाल मातीचा, मराठवाड्यातून आल्यासारखं वाटतं. पाऊस वर्षातून दोनदा, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि भरवसा दुसऱ्यावर जास्त. नद्या पावसात काही तास धावतात आणि मग नुसती वाळू उरते. पिवळे कॅन लादलेली गाढवं घेऊन बायका आणि पोरं पाण्याला निघालेली दिसतात, एका कॅनमध्ये २० लिटर.

इथे आम्ही ज्यासाठी गेलो होतो ते सापडलं. कोरड्या नदीच्या पात्रात आडवी दगड-सिमेंटची भिंत, खालच्या खडकापर्यंत नेलेली. पावसात पाणी वाळू घेऊन येतं, वाळू भिंतीमागे साचते, दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीच्या वरपर्यंत वाळूच वाळू होते आणि पाणी त्या वाळूच्या कणांमध्ये साठून राहतं. वर ऊन कितीही असो, ते फारसं उडून जात नाही, डासही होत नाहीत. सँड डॅम म्हणतात त्याला, आणि किटुई, मचाकोस, माकुएनी या पट्ट्यात असे कितीतरी आहेत. आमच्यासमोर एका बाईने पात्रात बसून दोन्ही हातांनी वाळू उकरली, कोपरापर्यंत हात आत गेला, आणि खड्ड्याच्या तळाला आधी ओल दिसली, मग गढूळ पाणी, ते तिने अर्ध्या भोपळ्याच्या कवटीने उपसून बाजूला टाकलं, परत भरलं ते स्वच्छ. ऑगस्ट चालू होता, महिनोन्‌महिने पाऊस नव्हता. काका तिथेच गुडघ्यावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. नंतर त्यांनी भिंतीची दोन्ही टोकं नीट तपासली, कारण खाली खडक नसेल किंवा टोकं काठात खोल घुसवलेली नसतील तर पाणी बाजूने निघून जातं आणि सगळी मेहनत वाया.

ही भिंत ज्या गटाने बांधली त्यांच्याकडे त्या दिवशी आम्ही दुपारभर बसलो. बहुतेक बायकाच. आपल्या बचत गटासारखंच, दर आठवड्याला ठरलेली रक्कम पेटीत टाकायची, त्यातूनच कर्ज. आणि कामाची वेगळी वही. किकांबात, म्हणजे अकांबांच्या भाषेत लिहिलेली, गावातल्या एका तरुण शिक्षिकेने वाचून दाखवली. कोण कामाला आलं, कुणी किती दगड आणले, उशीर झाला तर लाल पेनाने दंड. एका नावापुढे दगडांच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द होता, मी विचारलं तर म्हणाल्या, ती आजी आहे, तिला दगड उचलत नाहीत, ती सगळ्यांसाठी स्वयंपाक करते, तेही कामच. ती वही बघून मी मनात ठरवूनच टाकलं की याच गटाच्या पाठीशी राहायचं.

त्यांना विचारलं अडतं कुठे, तर उत्तर स्पष्ट होतं. दगड, वाळू, माणसं त्यांची. सिमेंट, लोखंड आणि चांगला गवंडी याला पैसे लागतात. आणि भिंतीच्या आधी वरच्या उतारावर बांध घालायला वेळ हवा, नाहीतर वाळूबरोबर चिकणमाती येऊन साचते आणि तिच्यातून पाणी निघत नाही. म्हणजे क्रमसुद्धा त्यांनीच सांगितला. आपल्याकडे पाणी अडवा पाणी जिरवा वर्षानुवर्षं ऐकलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

त्यांचं नगदी पीक मूग आहे! मी आणि नर्स ताईंनी त्यांच्या चुलीवर मोड आलेल्या मुगाची उसळ केली, घरून नेलेला गोडा मसाला घातला, आणि त्यांनी आम्हाला मुथोकोई खिलवलं, सालं काढलेला मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला. गोडा मसाला जास्तच न्या.

आता एक अवघड गोष्ट. ओळखीतून आम्हाला एका बालगृहातही नेलं, नाव लिहीत नाही. मुलांना ओळीत उभं करून आमच्यासमोर गाणी म्हणायला लावली, आणि गप्पांत कळलं की बऱ्याच मुलांचे आईवडील किंवा आजी-आजोबा आहेत, जवळच राहतात. मला रात्री झोप लागली नाही. केनिया सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्येच नवीन बालगृहांची नोंदणी थांबवलीय, मुलं कुटुंबातच वाढावीत असं धोरण आहे, कारण पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून मुलं घरातून आणून ठेवली जातात हे तिथे सगळ्यांना माहितीये. तिथे पैसे द्यायचे नाहीत असं आम्ही एकमताने ठरवलं. तुम्हालाही असं नेतील, कारण पाहुण्यांना हेच आवडतं असा त्यांचा अनुभव आहे. मुलांचे फोटो काढून मंडळीच्या ग्रुपवर टाकू नका, आपल्या मुलांचे असे कुणी टाकले तर चालेल का आपल्याला?

रविवारची उपासना लांब चालते, पाहुण्यांना उभं करून बोलायला लावतात, दोन वाक्यं तयार ठेवा. शेवटी दानात आलेल्या कोंबड्या, केळी, मका यांचा लिलाव झाला, थेट आपल्या कापणीच्या सणासारखा, आणि आमच्या तरुण संघाच्या पोराने एक कोंबडी जिंकून तिथल्याच एका आजीला दिली.

परतीआधी मोम्बासाला नक्की जा, आणि तिथे फ्रेरे टाउन बघा. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इंग्रजांनी मुंबईत आणली, त्यातली बरीच नाशिकच्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकली, आणि १८७४-७५ च्या सुमारास त्यांच्यातलेच लोक सुटलेल्या गुलामांची वस्ती उभी करायला मोम्बासाला गेले. वस्तीला नाव मुंबईचे पूर्वीचे गव्हर्नर बार्टल फ्रेरे यांचं. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मृतदेहासोबत इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइटही शरणपूरचाच विद्यार्थी. घंटेचा मनोरा अजून आहे. शरणपूर रोडवरून आपण किती वेळा गेलोय, आणि तिथून निघालेल्या माणसांनी इथे चर्च उभं केलं, हे वाचून मला रडू आलं.

पैशाचं शेवटी लिहिते पण घाई इथेच होते. मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून सरळ परदेशात पैसे पाठवता येत नाहीत. एलआरएस, म्हणजे परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची सोय, फक्त व्यक्तींना आहे, ट्रस्टला नाही, आणि ट्रस्टचं उत्पन्न भारताबाहेर खर्च करायचं तर आयकर खात्याची आधी मंजुरी लागते, नाहीतर त्यावरची सवलत जाते. ज्यांना द्यायचंय ते आपापल्या खात्यातून एलआरएसने, बँकेत कारण लिहून देऊ शकतात. दानपेटीला हात लावायच्या आधी सीएकडे जा. आणि पैसे कुणा एका माणसाच्या नावावर नाही, नोंदणी झालेल्या गटाच्या बँक खात्यावर, सिमेंटच्या बिलाची प्रत गटाकडे आणि आपल्याकडे दोन्हीकडे.

पुढचा ग्रुप ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच जावा असं माझं म्हणणं आहे, कोरड्या दिवसांत कुठल्या भिंतीत पाणी आहे आणि कुठल्यात नाही ते लगेच कळतं. काका परत यायला तयार आहेत, त्यांना लेव्हल मोजायची पाइप न्यायचीय. ज्यांना यायचंय त्यांनी पासपोर्टची मुदत आजच बघा आणि लसीची अपॉइंटमेंट घेऊन टाका, काही अडलं तर रविवारी उपासनेनंतर मी मागच्या हॉलमध्ये असते.