झोपेची वही

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आजार, म्हणजे मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल उदासीत जाण्याचा आजार, असल्याचे निदान झाले, त्याआधीचे तीन आठवडे तो रात्री जेमतेम दोन तास झोपत होता आणि आम्ही घरचे त्याला कामाचा झपाटा म्हणत होतो. नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यातून दुसरी पाळी करून आलेला मुलगा पहाटे तीन वाजता गंगापूर रोडला प्लॉट घेण्याचे हिशेब मांडत बसतो, याचे आम्हाला कौतुकच वाटे. पुढे तो अंगावर धावून येऊ लागला, तेव्हा आईने त्र्यंबकेश्वरला शांती करायचे ठरवले. मी त्याला विरोध केला नाही. फक्त त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली.

रुग्णालयातील अकरा दिवसांविषयी सांगण्यासारखे फार नाही. विमा कंपनीने मात्र 'मानसिक आजार' हा शेरा मारून दावा फेटाळला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार शारीरिक आजारांच्याच धर्तीवर मानसिक आजारांनाही विमा द्यावा लागतो, हे लिहून मी तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज केला आणि दोन महिन्यांनी पैसे मिळाले.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. लिथियम या मन स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या गोळ्या चालू असताना रक्तातील त्याचे प्रमाण साधारण ०.६ ते १.० या मर्यादेत ठेवावे लागते, आणि त्यासाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे असते. पहिल्याच तपासणीला तो सवयीने सकाळची गोळी घेऊन निघाला आणि आकडा १.४ आला. मी घाबरून रिक्षातूनच डॉक्टरांना फोन लावला, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "गोळी किती वाजता घेतली?" तपासणी पुन्हा केली, तेव्हा ०.८ आला. श्रावणात आईने त्याच्यासाठी अळणी शनिवार धरायचे मनात आणले होते. मीठ एकदम तोडले किंवा पाणी कमी पडले, तर लिथियम शरीरात साठत जाते, हे तिला समजावताना माझी पुरेवाट झाली. अखेर "नवस माझा आहे, उपास मीच करते," असे म्हणून तिने तो स्वतःकडे घेतला.

डॉक्टरांनी त्याच्या झोपेची नोंद ठेवायला सांगितले होते. मी शंभर पानी वही आणली आणि झोपेच्या तासांबरोबर तो किती बोलला, किती वेळा हसला, कोणाला फोन केला, हेही लिहू लागले. रात्री त्याच्या खोलीच्या दारापाशी उभी राहून मी श्वास ऐकत असे. ही काळजी होती, हे खरे. पण ती पाळतही होती, हे मला सहा महिने कळले नाही.

एका रविवारी मिसळ खाताना आमच्या मामाच्या कुठल्याशा किश्शावर तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. माझा हात आपसूक थांबला आणि मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याने पाव खाली ठेवला.

"ताई, काल सात तास झोपलोय. आता हसू दे की."

त्या संध्याकाळी मी वही त्याच्या हातात दिली. आता तोच लिहितो, फक्त तासांचा आकडा. झोप सलग दोन रात्री पाच तासांच्या खाली गेली, तर त्याने मला आपणहून सांगायचे, एवढेच आमचे ठरले आहे. मागच्या दिवाळीत एकदा त्याने तसे सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो.