कांद्याचं बी, बोअरचं पाणी आणि मे महिन्याचं ऊन

मी बियाणं तपासणीच्या लॅबमध्ये आहे, त्यामुळे जून उजाडला की "बी बोगस निघालं" हे रोजचंच. पण प्रवरेच्या कालव्याखालच्या भागातले एक काका आले ते भांडायच्या तयारीनेच. मेअखेर खरीप कांद्याचं रोप टाकलेलं, वाफे जवळजवळ मोकळे. पाकीट, उरलेलं बी आणि बाटलीत बोअरचं पाणी सगळं टेबलावर मांडलं (पाणी सहसा कोणी आणत नाही, मला तिथेच काका आवडले).

नेहमीसारखं ओल्या कागदावर, शुद्ध पाण्यात, 20 डिग्रीला लावलं. झकास उगवलं. कांद्याला निदान 70 टक्के उगवण लागते, हे त्याच्या बरंच वर. पण काकांच्या त्या बोअरच्या पाण्याचा ईसी (म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप) मीटरवर 3 च्या पुढे गेला आणि कांदा म्हणजे खारटपणाला एकदम नाजूक पीक, म्हणून तेच पाणी घालून एक ताट 20 ला ठेवलं, एक 35 ला. 20 चं रडतखडत का होईना, निम्म्यावर आलं. 35 ला 12 दिवस झाले तरी कुठेतरी एखादा कोंब.

मग ते अडलेलं बी धुऊन साध्या पाण्यावर 20 ला ठेवलं तर त्यातलं कितीतरी उगवलं की! म्हणजे बी जिवंतच होतं, खाऱ्या पाण्यातून त्याला ओलावा ओढून घेता येत नव्हता आणि वर उष्णतेने कांद्याचं बी तसंही दबून बसतं.

शेतात तर याहून वाईट. काका गादीवाफ्याला सरीतून पाणी द्यायचे. ते पाणी वर चढतं, उन्हाने उडून जातं, मीठ मात्र वाफ्याच्या माथ्यावर साठत जातं, नेमकं जिथे अर्ध्या इंचावर बी पडलंय तिथेच. पांढरा थर आला होता का विचारलं तर म्हणाले, "हो मॅडम, मला वाटलं खताचा असंल."

एक-दोन पाऊस होऊ द्या, कालव्याचं पाणी झारीने वरून द्या, वर शेडनेट बांधा, उरलेलं बी बिनधास्त टाका असं सांगितलं. काका पाकीट उलटसुलट करत म्हणाले, "मग ह्यावर शुद्ध पाणी न् 20 डिग्री असं का नाय छापत?" मला तर ते पटलंच. लेबलवर उगवण, शुद्धता, तपासणीची तारीख सगळं असतं, ती उगवण कुठल्या पाण्यावर मोजली तेवढं सोडून.